भिंतीतलं दीडशे लिटर पाणी

खाडीच्या पाण्यात एकदा बुडालेली भिंत पुढच्या वर्षीही ओली होते. नळ फुटलेला नसतो, गच्ची गळत नसते, पुराचं पाणी गल्लीच्या तोंडापर्यंतही आलेलं नसतं. तरी जुलै उजाडला की कमरेएवढ्या उंचीवर तेच जुने डाग उमटतात, रंगाला फोड येतात, हात लावला तर गार ओल लागते. नोव्हेंबरात डाग आपोआप पुसट होतात आणि पुढच्या आषाढात परत येतात. घरातली माणसं गवंड्याकडे बोट दाखवतात, गवंडी वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाकडे. पुष्कळदा दोघांचाही दोष नसतो. हे पाणी हवेतून आलेलं असतं, आणि त्याला ओढून घेणारी वस्तू भिंतीच्या पोटात काही वर्षांपूर्वी येऊन बसलेली असते.

ती वस्तू कोणती हे कळण्याआधी भिंत पाणी पिते कशी आणि ते परत देते कशी, हे पाहायला हवं. भिवंडीइतकी त्यासाठी योग्य जागा क्वचितच सापडेल. गावाच्या दक्षिणेला उल्हास नदीची खाडी आहे आणि तिला जाऊन मिळणारी कामवारी नदी गावाला अगदी खेटून वाहते. याच खाडीतून एके काळी गलबतं वर येत. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी आरमाराच्या उभारणीला हात घातला तो याच पाण्याच्या आधाराने. पण जहाजांना वर आणणारी भरतीच पावसाळ्यात गावाची वाट अडवते. सव्वाबारा-साडेबारा तासांनी एकदा खाडी फुगते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, अष्टमीच्या सुमाराला भांग. उधाणाच्या भरतीला नेमका मुसळधार पाऊस गाठला, तर नाल्यांचं पाणी खाडीत उतरूच शकत नाही. ते मागे फिरतं आणि तीन बत्ती, भाजी मार्केट, कल्याण नाका, ईदगाह रोड, म्हाडा कॉलनी अशा सखल भागांत शिरतं. तेवढाच पाऊस भांगाच्या दिवशी पडला, तर पाणी कमी चढतं आणि लवकर ओसरतं. आपल्या उंबऱ्यापर्यंत पाणी येणार की नाही, हे ठरवण्यात आकाशातल्या चंद्राचा वाटा असतो, ही गोष्ट खाडीकाठच्या आगरी-कोळी घरांत पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. तरीही तिचं नवल ओसरत नाही.

२६ जुलै २००५ हा दिवस या पट्ट्यात कोणालाच सांगावा लागत नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. या हिशेबाने दहा बाय दहा फुटांच्या गच्चीवर त्या दिवशी पावणेनऊ हजार लिटर पाणी पडलं, जवळजवळ एक भरलेला टँकर. उल्हास नदीच्या खोऱ्यात बदलापूरपासून कल्याण-भिवंडीपर्यंत घरं, दुकानं आणि यंत्रमागांचे कारखाने पाण्यात गेले. त्यानंतरही लहानमोठे पूर येत राहिले. प्रत्येक वेळी पाणी एक-दोन दिवसांत उतरतं आणि वाटतं, संपलं. रस्त्यावरचं संपलेलं असतं. भिंतीतलं आत्ता कुठे सुरू होत असतं.

भाजलेली वीट हाताला दगडासारखी लागते, पण ती आतून बारीक पोकळ्यांनी भरलेली असते. भारतीय मानकांच्या आयएस १०७७ या निकषानुसार साधी वीट २४ तास पाण्यात बुडवून ठेवली, तर तिने स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी प्यायलेलं चालतं. म्हणजे चांगली, निकषात बसणारी वीटसुद्धा अर्धा लिटर पाणी सहज पोटात घेते. आता नऊ इंची, दहा फूट लांबीची भिंत घ्या आणि पुराचं पाणी तीन-सव्वातीन फूट चढलं असं धरा. तेवढ्या भागात साधारण साडेतीनशे विटा बसतात. प्रत्येकीने वजनाच्या १५ टक्के पाणी घेतलं, तरी एका खोलीच्या एकाच भिंतीत दीडशे लिटर पाणी मुरलं. गिलाव्यातलं त्यात धरलेलंच नाही. खोलीला भिंती चार. प्रत्येकीत पाऊण पिंपभर पाणी समोर उभं आहे आणि थेंबही दिसत नाही.

शिवाय ते वर चढतं. पुराची रेषा जिथे उमटते, तिच्याही वर हात-दीड हात ओल गेलेली दिसते. बारीक नळीत पाणी आपणहून वर जातं आणि नळी जितकी बारीक तितकं जास्त वर जातं, हा नियम अठराव्या शतकात जेम्स ज्युरिन या इंग्रज वैद्याने मांडला. एक मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी जेमतेम दीड सेंटिमीटर चढतं. नळी हजार पट बारीक केली, तर उंचीही हजार पट होते: पंधरा मीटर, म्हणजे पाच मजले. विटेतल्या कितीतरी पोकळ्या एवढ्याच बारीक असतात. मग तळमजल्याची ओल पाचव्या मजल्यावर का पोचत नाही? कारण अशा अरुंद वाटेने पाणी फार हळू सरकतं आणि सरकता सरकता भिंतीच्या पृष्ठभागावरून उडूनही जातं. जिथे चढणारं पाणी आणि उडणारं पाणी यांचा हिशेब जुळतो, तिथे ओल थांबते. बहुतेक घरांत ही जागा जमिनीपासून मीटरभराच्या आसपास असते. ओलीची ती वेडीवाकडी वरची कड म्हणजे दोन न दिसणाऱ्या प्रवाहांची बरोबरी. हे कळल्यापासून ओल धरलेल्या भिंतीकडे मी वैतागून पाहू शकत नाही.

ओल भिंतीतून कशी काढायची, याचं उत्तर मोठं आहे. त्याआधी पहिल्या दोन दिवसांची कामं आहेत, ती थोडक्यात. मीटरच्या पेटीपर्यंत पाणी आलं असेल, तर वायरमनने मेगर लावून वायरिंग तपासेपर्यंत मेन स्विच बंदच ठेवायचा. बोर्ड बाहेरून कोरडा दिसला तरी भिंतीतल्या नळीत पाणी अडकून राहतं. भिजलेली मोटार, मग ती पंपाची असो की लूमची, चालवून पाहायची नाही. वाइंडिंगवाल्याकडे ती भट्टीत सुकवून परत जिवंत होऊ शकते, पण ओली असताना एकदा वीज दिली की जळते. गाळ ओला असतानाच फावड्याने काढायचा आणि गोड्या पाण्याने धुऊन टाकायचा, कारण वाळलेला गाळ फरशीला धरून बसतो आणि त्याची धूळ नाकातोंडात जाते. गमबूट आणि रबरी हातमोजे हवेतच. पुराच्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि पायाच्या साध्या ओरखड्यातून लेप्टोस्पायरोसिस आत शिरतो. २००५च्या पुरानंतर मुंबईने त्याची मोठी साथ पाहिली. आठवडा-दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ‘पुराच्या पाण्यातून चाललो होतो’ हे आपण होऊन सांगायचं. आणि ब्लीचिंग पावडर संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर कधीही मिसळायची नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

आता भिंत.

पाणी उकळायला किती उष्णता लागते, याचा अंदाज प्रत्येक घराला असतो. पण २८ अंशांवरचं एक लिटर पाणी उकळीला आणण्यासाठी जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे आठ पट उष्णता तेच पाणी वाफ करून उडवायला लागते. उकळून उडवा नाहीतर गुपचूप वाळू द्या, किंमत जवळपास तेवढीच. भिंतीतलं दीडशे लिटर पाणी उडायचं तर सुमारे शंभर युनिट विजेइतकी ऊर्जा कुठून तरी यावी लागते. ती येते आजूबाजूच्या हवेतून, उन्हाने तापलेल्या बाहेरच्या अंगातून, घरातल्या माणसांच्या उबेतून. ओली भिंत गार लागते ती यासाठी. आपल्या तळहाताची ऊब घेऊनही ती थोडं पाणी उडवत असते.

उष्णतेपेक्षाही मोठी अडचण जागेची आहे. हवेत पाण्याची वाफ मावते ती तापमानाच्या मानाने. २८ अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅम वाफ मावते. श्रावणातल्या एखाद्या दिवशी आर्द्रता ९० टक्के असेल, तर त्यातले साडेचोवीस ग्रॅम आधीच भरलेले. उरली जागा अडीच-पावणेतीन ग्रॅमची. ऑक्टोबरातल्या दुपारी पारा ३५वर आणि आर्द्रता ४५ टक्के असेल, तर त्याच एक घनमीटर हवेत जवळपास २२ ग्रॅम नवी वाफ मावते. आठ पट! दीडशे लिटर पाणी उचलायला श्रावणातली ५५ हजार घनमीटर हवा भिंतीला घासून जावी लागेल, ऑक्टोबरातली सात हजारही पुरेल. ज्या ऑक्टोबर हीटने आपण सगळे हैराण होतो, ती या किनाऱ्यावरची भिंती वाळवणारी सर्वांत मोठी भट्टी आहे. ठाणे जिल्ह्यातल्या लाखो घरांमधून ती दरवर्षी किती पाणी उचलून नेते, याचा विचार केला की त्या चिकचिकाटाबद्दल माझ्या मनात आदर निर्माण होतो.

म्हणून पावसाळ्यात घर वाळवायचं ते हवेच्या कलाने. बाहेर धो धो पाऊस असताना सगळ्या खिडक्या सताड उघड्या ठेवून फार हाती लागत नाही. पावसाने उघडीप दिली, ऊन पडलं, की त्या दोन-चार तासांत आरपार वारा खेळू द्यायचा. वाळण्याच्या पहिल्या दिवसांत पंखा मोठं काम करतो, कारण भिंतीला चिकटून बसलेला ओलसर हवेचा पातळ थर तो ढकलून देतो. पलंग, कपाट, फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढायचे. एसी असेल तर खिडक्या बंद करून ‘ड्राय’वर चालवावा, बाहेरच्या नळीतून बादल्या भरून पाणी निघतं आणि ते बरंचसं भिंतीतलंच असतं. गॅसची शेगडी पेटवून खोली सुकवण्याचा मोह मात्र टाळायचा. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने खोलीतच तयार होतं, हे ऐकून माझा प्रथम विश्वास बसला नव्हता. रसायनशास्त्राचा हिशेब मांडला तर तो चुकत नाही: गॅसमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी मिळतो आणि पाणी तयार होतं. बंद खोलीत जळणाऱ्या शेगडीने, त्यातून कोळशाच्या, कार्बन मोनॉक्साइडने जीव जाण्याचा धोका आहे तो वेगळाच.

भिंत फसवते ती दुसऱ्या टप्प्यात. सुरुवातीला आतलं पाणी बारीक पोकळ्यांतून पृष्ठभागापर्यंत येतं आणि तिथून उडतं. या काळात वाळणं भराभर चालतं. मग एक दिवस पृष्ठभागापर्यंतचा हा धागा तुटतो. बाहेरचा थर कोरडा पडतो, रंग फिका होतो, हाताला ओल लागत नाही. पण आत विटेत पाणी तसंच असतं, आणि आता त्याला आतल्या आत वाफ होऊन बाहेर पाझरावं लागतं. वाळण्याचा वेग एकदम कोसळतो. जुन्या इमारतींवर काम करणारे लोक ढोबळमानाने महिन्याला एक इंच असा हिशेब धरतात, तोही चांगली हवा असताना. नऊ इंची भिंत दोन्ही अंगांनी वाळली तरी चार-साडेचार महिने. जुलैअखेर भिजलेली भिंत डिसेंबरशिवाय मोकळी होत नाही. आपल्याकडे नेमका गणपतीच्या आधी रंग काढायची घाई होते. भावना समजते, पाहुणे येणार असतात, मखर सजायचं असतं. पण त्या वेळी मारलेला प्लास्टिक इमल्शन किंवा ऑइलपेंट म्हणजे दीडशे लिटर पाण्याला लावलेलं झाकण. ते पाणी मग आतल्या खोलीकडे, शेजाऱ्याकडे किंवा वर चढत जातं आणि शेवटी रंगच फोड होऊन सुटतो.

भिंतीच्या पोटात बसलेली ती वस्तू म्हणजे मीठ.

खाडीचं पाणी पावसाने कितीही पातळ झालं, तरी त्यात मीठ उरतंच. लिटरमागे पाच ग्रॅम धरलं, तर दीडशे लिटरमागे पाऊण किलो. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. ते वाळत्या पाण्याबरोबर भिंतीच्या बाहेरच्या थरात येऊन साठतं. साध्या मिठाचा एक स्वभाव आहे: हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की ते हवेतून पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळतं, आणि आर्द्रता खाली उतरली की पुन्हा खडा होतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत चार दाणे तांदूळ टाकण्याची पद्धत आहे ती याच कारणाने. भिवंडीत जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ ७५च्या वरच असते. म्हणजे एकदा खारं पाणी प्यायलेली भिंत दर पावसाळ्यात हवेतून पाणी ओढते आणि दर हिवाळ्यात ते सोडते. तिला पूर लागत नाही, फक्त मोसम लागतो.

पुराच्या पाण्यात गटाराचं, संडासाच्या टाक्यांचं पाणी मिसळलेलं असलं, तर प्रकरण आणखी पुढे जातं. त्यातल्या घाणीपासून जिवाणू नायट्रेटचे क्षार तयार करतात. कॅल्शियम नायट्रेट तर ५० टक्के आर्द्रतेलाच पाघळायला लागतं, आणि या किनाऱ्यावर हवा वर्षाचा बराच काळ त्याहून दमट असते. जुन्या भिंतींवर पांढरा लोणा फुटतो, त्यात अशा क्षारांचा भाग असतो. याच कुळातला सोरा एके काळी भिंती आणि गोठ्यांच्या जमिनी खरवडून जमवत आणि बंदुकीच्या दारूत घालत. घराच्या भिंतीतून फुलून येणारी ती पांढरी भुकटी आणि तोफेचा आवाज एकाच नात्यातले आहेत!

लोण्याचं खरं नुकसान ओलीपेक्षा जास्त आहे. क्षार विरघळतात आणि पुन्हा स्फटिक होतात तेव्हा बारीक पोकळीत वाढणारा स्फटिक भोवतालच्या भिंतीवर रेटा देतो. हजारदा हे घडलं की गिलावा भुसभुशीत होतो, पोपडे सुटतात, वीट पिठासारखी झडते. लेण्यांचे दगडही अशाच प्रकाराने झिजतात. त्यावर वरून सिमेंटचा कडक गिलावा थापणं, ही मला आपल्याकडची सर्वांत खर्चिक सवय वाटते. दाट सिमेंटमधून पाणी सहज बाहेर पडत नाही, क्षार त्याच्या मागे साठतात आणि दोन-तीन वर्षांत तो अख्खा पापुद्रा होऊन सुटतो. त्याऐवजी ओलीच्या रेषेच्या दोनेक फूट वरपर्यंत जुना गिलावा काढून टाकावा, सांधे खरवडून ब्रशने झाडावेत, झाडलेली भुकटी घराबाहेर न्यावी (पाण्याने धुतली तर ती परत विटेत जाते), भिंत एक हिवाळा उघडी वाळू द्यावी आणि मग चुन्याचा गिलावा करावा. चुना सच्छिद्र आणि मऊ असतो. पाणी त्यातून निघून जातं, क्षार त्याच्यात येऊन साठतात आणि वीट वाचते. काही वर्षांनी तो झडेल, तेव्हा तो खरवडून नवा करायचा. झडण्यासाठीच लावलेला थर, ही कल्पना मला फार सुंदर वाटते.

चुन्याच्या सफेदीतही अशीच करामत आहे. ओला चुना इतका तीव्र अल्कली असतो की बुरशीला त्यावर जगणं कठीण जातं. वाळता वाळता तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. भट्टीत जो दगड फुटला तो भिंतीवर परत जुळतो. दिवाळीच्या तोंडावर घराला सफेदी काढण्याची जुनी रीत ऑक्टोबर हीटच्या बरोबर मागून येते, हे लक्षात आलं की पंचांगाला आणि हवामानाला एकत्र नमस्कार करावासा वाटतो. ज्या घराला त्या वर्षी पूर लागला, तिथे दिवाळीला चुनाच लावावा. महागडा रंग संक्रांतीनंतर.

बुरशीबद्दल सांगताना भिवंडीचा यंत्रमागाचा धंदा बाजूला ठेवता येत नाही. सुती धागा ओलसर असला की जास्त ताण सोसतो. कापसाच्या तंतूचा हा गुण दुर्मीळ आहे. म्हणून विणकामाच्या शेडमध्ये मुद्दाम हवा दमट ठेवतात, सूत कमी तुटतं. खाडीकाठची जी हवा कापडाला मानवते, तीच भिंतीला छळते. त्यातून ताण्याच्या सुताला सायझिंगमध्ये खळ लावलेली असते आणि खळ म्हणजे बहुधा स्टार्च. बुरशीला यापेक्षा आवडतं खाणं नाही. तिचे बीजाणू आणावे लागत नाहीत, आपल्या प्रत्येक श्वासात ते असतातच. त्यांना हवं असतं फक्त पाणी, थोडं सेल्युलोज आणि पंचवीस-तीस अंशांची ऊब. भिजलेलं कापड, पुठ्ठा, प्लायवुड, पुस्तक, कापसाची गादी यांच्यावर एक-दोन दिवसांत त्यांचे धागे पसरायला लागतात. काल्हेर-राहनाळपासून मानकोलीपर्यंतच्या गोदामांत पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या थप्प्या असतात. तळची एक रांग भिजली की वरच्या थरांना धोका तिथूनच. म्हणून पहिल्या दोन दिवसांत काय टाकायचं हे निर्दयपणे ठरवावं लागतं. भिजलेली गादी, पार्टिकल बोर्डचं कपाट, फुगलेला पुठ्ठा यांत जीव अडकवू नये. सागाचं दार, स्टीलचं कपाट, भांडी, सुती कपडे, हे सगळं वाचतं. सागवान फुगतं ते पेशींच्या भिंतींत पाणी मुरल्यामुळे. ते सावलीत सावकाश वाळू दिलं तर बहुतेक वेळा परत जागेवर येतं, घाईने रंधा मारला तर हिवाळ्यात दाराला फट पडते.

कागदाची गोष्ट त्याहून नाजूक. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराला २००५ आणि २०२१ अशा दोन पुरांनी गाठलं. इटलीत फ्लोरेन्सला ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीने ग्रंथालयं चिखलात बुडवली, तेव्हा तिथल्या लोकांनी पुस्तकं वाळवायला तंबाखू सुकवण्याच्या भट्ट्या वापरल्या. त्या अनुभवातून जगभरच्या जतनतज्ज्ञांचं शास्त्र पुढे गेलं आणि आज एक सोपी युक्ती घरातही करता येते: जमिनीचे कागद, शाळेचे दाखले, लग्नाचे फोटो भिजले आणि लगेच वाळवणं जमत नसेल, तर प्रत्येक बटर पेपरमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायचा. बर्फात बुरशी वाढत नाही. आठवड्याने, वेळ मिळेल तेव्हा, एकेक काढून पंख्याखाली वाळवता येतो.

भिंतीवर आलेली बुरशी कोरड्या झाडूने झाडायची नाही, बीजाणू घरभर उधळतात. मास्क लावून, साबणाच्या पाण्याच्या फडक्याने पुसायची आणि फडकं टाकून द्यायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातल्या ओल-बुरशीवर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांचा रोख औषध फवारण्यावर नाही, ओल हटवण्यावर आहे. दमा असलेलं मूल किंवा म्हातारं माणूस घरात असेल, तर रंगाआधी या कामाला पैसे काढावेत.

पुढचा भाग लिहिताना हात जड होतो. स्लॅबमधल्या लोखंडी सळईला काँक्रीटचं कवच असतं, आणि ते नुसतं कवच नसतं. ताज्या काँक्रीटचा अल्कलीपणा इतका असतो की सळईवर एक अतिसूक्ष्म संरक्षक पापुद्रा तयार होतो आणि लोखंड ओल्यातही गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपत हा अल्कलीपणा कमी करतो आणि खाऱ्या पाण्यातले क्लोराइड तो पापुद्राच फोडतात. मग गंज चढतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहा पटीपर्यंत जागा लागते. एवढा फुगवटा काँक्रीट सोसत नाही, ते आतून फाटतं. छतावर सळईच्या रेषेत गेलेली चीर, विटकरी ओघळ, ठोकल्यावर पोकळ वाजणारा भाग, ही त्याची लक्षणं. भिवंडीत तळमजल्यावर माग आणि वर बिऱ्हाडं अशा इमारती आहेत, तिथे दिवसरात्रीची थरथर यात भर घालते.

२१ सप्टेंबर २०२०च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी ही इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि ३५हून अधिक जीव गेले, त्यांत कितीतरी मुलं होती. अशी इमारत एकाच कारणाने पडत नाही. पण गळती, गंज आणि वरवरची डागडुजी यांची साखळी कुठल्याही जुन्या इमारतीत तपासून पाहता येते. ३० वर्षं वापरात असलेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी राज्याच्या महापालिका कायद्याने सक्तीची केली आहे, आणि पूर लागलेल्या इमारतीने तर तेवढी वर्षं थांबूही नये. पोपडा सुटलेल्या स्लॅबवर सिमेंट फासून पांढरं केलं, तर लक्षण झाकतं, गंज चालूच राहतो. खरी दुरुस्ती म्हणजे सैल काँक्रीट सळईच्या मागपर्यंत फोडणं, टेकू देऊन, गंज घासून, सळईला लेप देऊन मग पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरणं. ती खर्चाची आहे, आणि हा खर्च भाडेकरू आणि मालक एकमेकांवर ढकलतात तेवढ्या वेळात गंज आपलं काम करत असतो.

शेवटी पुन्हा भिंतीकडे. ती रंगाला तयार झाली का, हे पाहायला महाग यंत्र लागत नाही. हातभर लांब-रुंद स्वच्छ प्लास्टिकचा तुकडा भिंतीला लावून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करायच्या आणि एक दिवस एक रात्र तसाच ठेवायचा. आतल्या बाजूला, भिंतीकडे, थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. फक्त बाहेरच्या बाजूला दव आलं तर ते खोलीच्या हवेतलं. पुराच्या रेषेखाली एक, रेषेवर एक आणि डोक्याच्या उंचीवर एक, असे तीन तुकडे लावावेत. आत थेंब दिसले तर रंगाऱ्याला पंधरा दिवसांनी यायला सांगावं आणि त्याच जागी पुन्हा लावून पाहावं.